शब्दचर्चा: चेक

परवा माझा भाऊ लेकीला म्हणाला, "तो चेक्सचा शर्ट घाल, बँकेत चेक टाक आणि येताना पासबुक चेक करून आण." भाचीने मला विचारलं, "आत्या, हे तिन्ही चेक एकच का गं?"

एकच. आणि त्यांचा सख्खा भाऊ मराठीत आहे: शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल आली की "शाह!" असं बजावायचं. हा शब्द अरबीतून लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमध्ये फिरून इंग्रजीत 'चेक' झाला. आपल्याकडे तो 'शह' म्हणून रुजला. 'चेकमेट'मधला मेट म्हणजे आपली मात. खेळ तर चतुरंग म्हणून इथूनच गेलेला!

शह बसला की बाकीचे बेत तिथेच अडतात, आधी राजाला वाचवावं लागतं. म्हणून इंग्रजीत चेक म्हणजे आधी अडवणं, मग अडवून तपासणं. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकदमच भेटतात: आधी गाडी थांबवतात, मग डिकी उघडायला लावतात.

शर्टावरच्या चौकटी पटाच्या घरांवरून आल्या. त्याहून गमतीचा आहे एक्सचेकर. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल १० फूट बाय ५ फुटांच्या टेबलावर मोजत. वर रेघा आखलेलं काळं कापड, त्यावर सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी. दिसायला थेट बुद्धिबळाचा पट, म्हणून खात्याचंच ते नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून तेच बिरुद लावतो.

बँकेतला चेक अठराव्या शतकातला. चेक फाडल्यावर पुस्तकात उरणाऱ्या तुकड्याला आधी हे नाव होतं, कारण लबाडी त्यावरून ताडून बघत. पुढे ते फाडलेल्या कागदाला चिकटलं. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं. देवनागरीत ही भानगड नाही. फक्त चेक प्रजासत्ताकाला यात ओढू नका, ते नाव तिथल्या स्लाव्ह लोकांचं.

'धनादेश' मला आवडतो, पण तो बातम्यांतच. घरी आपण "चेक वटला का?" असंच विचारतो.

आपला शह मात्र तपासणीकडे वळलाच नाही, राजकारणात शिरला. उमेदवाराला शह देतात, त्यावर काटशह येतो. पासबुक काही कोणी 'शह करून' आणत नाही.