‘वर्गीकरण’ म्हणजे नेमकं काय? पालिकेच्या बजेटमधले शब्द

पेठेतली : पुण्याच्या पेपरात दर चार दिवसांनी दिसणारं वाक्य : ‘अमुक कामासाठी तरतुदीचे वर्गीकरण करण्यास स्थायी समितीची मान्यता.’ मी शाळेत वर्गीकरण शिकले ते वनस्पतींचं, सपुष्प आणि अपुष्प. इथे पैशांचे कसले गट पाडतात?

निवृत्त हेडक्लार्क : गट कसलेच पाडत नाहीत. पैसे हलवतात. अंदाजपत्रकात प्रत्येक कामापुढे तरतूद असते. समजा, पुलाला दोन कोटी ठेवले, पण जागाच ताब्यात आली नाही. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि तरतूदही संपते. म्हणून त्याआधीच त्यातले पन्नास लाख काढून रस्त्याच्या डांबरीकरणाला देतात. त्याला आमच्याकडे वर्गीकरण म्हणायचे. राज्य सरकारच्या कागदांत यालाच ‘पुनर्विनियोजन’ म्हणतात. तो शब्द उच्चारेपर्यंत मार्च संपतो.

पेठेतली : पण मग ‘वर्गीकरण’च का?

व्युत्पत्तिवेडा : माझ्या मते हा ‘वर्ग’ म्हणजे गट नव्हेच. ‘रक्कम खात्यात वर्ग केली’, ‘गुन्हा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे वर्ग केला’ यातला हा वर्ग आहे. ‘वर्ग करणे’ म्हणजे एकीकडून दुसरीकडे पाठवणे. कचेरीला क्रियापदाचं नाम हवं होतं, तिनं ‘ईकरण’ जोडलं आणि तयार झालेला शब्द नेमका आधीच्या वर्गीकरणासारखा दिसायला लागला. दोन वेगळे शब्द, चेहरा एक. (‘वर्गणी’ अजून वेगळी. तीही आपल्याच खिशातून जाते म्हणा.)

पेठेतली : हे पटलं! शिवाय शब्द किती निरुपद्रवी वाटतो. ‘पुलाचे पैसे रस्त्याला दिले’ असं छापलं तर लोक विचारतील, का? ‘वर्गीकरण’ म्हटलं की वाटतं, कोणीतरी कपाट आवरतंय.

निवृत्त हेडक्लार्क : सगळीच वर्गीकरणं वाईट नसतात हो. पावसाळ्यात भिंत पडली तर पैसा कुठून तरी आणावाच लागतो. पण मोठ्या कामाच्या तरतुदी फोडून बाकं आणि नावाचे फलक लावायचे, हेही आम्ही पाहिलं आहे.

साताऱ्याकडचा : मला तर ‘अंदाजपत्रक’ इथेच अडखळायला होतं. आमच्याकडे बांधकाम विभागात अंदाजपत्रक म्हणजे एका कामाचा खर्च : दरसूचीप्रमाणे खडी, सिमेंट, मजुरी. पुण्यात तर अख्ख्या पालिकेच्या बजेटला अंदाजपत्रक म्हणतात.

निवृत्त हेडक्लार्क : बरोबर. म्हणून पुणे पालिकेत एका कामाच्या कागदाला ‘पूर्वगणनपत्रक’ म्हणतात. बोलताना मात्र सगळे ‘एस्टिमेट’च म्हणतात.

साताऱ्याकडचा : जिल्हा परिषदेचा एक शब्द मी घालतो : दायित्व. कोशात अर्थ जबाबदारी. आमच्याकडे अर्थ एकच, आधी मंजूर केलेल्या कामांची राहिलेली देणी. बोलीत ‘स्पिल’. निधीतून दायित्व वजा करायचं आणि उरलेल्याच्या दीडपट नवी कामं धरायची, हे ‘दीडपट नियोजन’. सोयीसाठी आकडे घ्या : निधी १० कोटी, दायित्व ४, उरले ६, नवी कामं ९ कोटींची. म्हणजे १० कोटींवर १३ कोटींचा भार. जास्तीचे ३ कोटी पुढच्या वर्षाचं दायित्व.

पेठेतली : किराणा दुकानात याला उधारी म्हणतात.

साताऱ्याकडचा : उधारीत वाण्याला तोंड दाखवावं लागतं! पण कारणही आहे. काही कामं टेंडरात अडकतात, काहींना जागा मिळत नाही. जेवढ्यास तेवढी धरली तर निधी पडून राहतो.

निवृत्त हेडक्लार्क : आमच्याकडे पुढच्या वर्षांवर भार टाकणाऱ्या कामांना ‘बहात्तर ब’खाली मान्यता घ्यावी लागते. महापालिका कायद्यातलं कलम ७२ ब. कॉरिडॉरमध्ये ते नामच झालंय : ‘त्याचं बहात्तर ब झालं का?’

व्युत्पत्तिवेडा : उधारीवरून ‘कर्जरोखे’ आठवले. समान पाणीपुरवठ्यासाठी पुणे पालिकेनं २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले, व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. पेपरांनी ‘बॉण्ड’ही लिहिलं, पण रोखा हा शब्द मला फार आवडतो. पालिकेनं रोख घेतली आणि रोखा दिला.

पेठेतली : आणि ‘भांडवली काम’? भांडवल तर धंद्यात घालतात.

निवृत्त हेडक्लार्क : टाकी बांधली तर भांडवली, कारण ती वर्षानुवर्षं टिकते. टाकी धुतली, वीजबिल भरलं, पगार दिले, तर महसुली. सीमारेषेवर भांडणं होतात. रस्ता नवा केला तर भांडवली, खड्डे बुजवले तर महसुली. एकाच रस्त्यावर इतके खड्डे असले की त्याला काय म्हणायचं, यावर फायली फिरल्या आहेत.

पेठेतली : मग खड्ड्यांचं भांडवल करणं कोणत्या शीर्षाखाली येतं?

निवृत्त हेडक्लार्क : ते निवडणूक खर्चात धरतात.