जमला नाही म्हणजे खोटाच का?

रिकामे चंचुपात्र :

‘शून्य गृहीतक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सदस्यांनी काल या चर्चामंचावर असा निवाडा देऊन टाकला की, जो प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत जमत नाही तो मुळातच खोटा समजावा, त्यावरचा शोधनिबंध मागे घ्यायला लावावा आणि संशोधकाकडून अनुदान वसूल करावे. वाचून सोडून देणार होतो. परंतु खाली ‘अगदी मनातले बोललात’ अशा प्रतिक्रियांची रांग लागलेली पाहिली आणि सविस्तर लिहिणे भाग पडले.

त्यांचा सारा भर २०१२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या बेगली आणि एलिस यांच्या लेखावर आहे. अ‍ॅमजेन या औषध कंपनीत कर्करोगावरचे ५३ गाजलेले निबंध तपासले गेले आणि त्यांपैकी सहाच निबंधांचे निष्कर्ष टिकले, हे खरे आहे. मात्र उरलेल्या ४७ निबंधांचे लेखक लबाड होते, असे त्या लेखात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय ते ५३ निबंध कोणते, हेही त्यात सांगितलेले नाही. मग या पडताळणीचीच पडताळणी करायची झाली, तर ती कशाच्या आधारे करायची, हे शून्य गृहीतक यांनीच सांगावे.

प्रयोग न जमण्यामागचे कारण अगदी क्षुल्लक असू शकते. मीना बिसेल आणि कॉर्नेलिया पॉलियाक यांच्या दोन नामवंत प्रयोगशाळांनी स्तनाच्या ऊतीतील पेशी वेगळ्या करण्याचे काम एकत्र हाती घेतले होते. कार्यपद्धती ठरवून घेतलेली होती, तरीही दोन्हीकडचे आलेख वर्षभर जुळेनात. अखेर दोन्हीकडची माणसे एकाच टेबलाशी शेजारी शेजारी उभी राहून काम करू लागली, तेव्हा उलगडा झाला. ऊती सुटी करताना एकीकडे ती स्टिररवर काही तास जोराने ढवळली जात होती आणि दुसरीकडे बराच अधिक वेळ हलकेच डोलवत ठेवली जात होती. ढवळण्याची रीत कळवण्याजोगी आहे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते. २०१४ साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. आता यांतल्या कोणाकडून अनुदान वसूल करायचे?

शून्य गृहीतक :

चंचुपात्र यांनी नेमकी सुखान्त गोष्ट निवडली आहे. त्या गोष्टीत दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलायला तयार होते. एरवी काय घडते, ते कर्करोगाच्या जीवशास्त्रावरील ज्या फेरपडताळणी प्रकल्पाचे निष्कर्ष २०२१ साली पूर्ण झाले, त्यात पाहावे. या प्रकल्पासाठी निवडलेल्या (अ‍ॅमजेनच्या नव्हे) ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले होते. प्रत्यक्षात २३ निबंधांतील ५० प्रयोगच करता आले. मूळ लेखकांना न विचारता जसाच्या तसा मांडता येईल, असा त्या १९३ पैकी एकही प्रयोग निघाला नाही. सुमारे एकतृतीयांश बाबतींत लेखकांनी एकतर उत्तरच दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराचा काही उपयोग झाला नाही. आणि मूळ निष्कर्ष सकारात्मक असलेल्या प्रयोगांत परिणामाचे माप पूर्वीपेक्षा, मध्यक धरला तर, ८५ टक्क्यांनी लहान निघाले. ढवळण्याच्या रीतीमुळे आकडे सरकत असतील, तर ते कधी वर आणि कधी खाली सरकायला हवेत. ते बहुतेक वेळा खालीच का सरकतात?

माझे काम औषधचाचण्यांच्या आकडेमोडीचे आहे, त्यामुळे या विषयातील भाबडेपणा मला परवडत नाही. एका चाचणीत मुख्य निकष साधला नाही हे दिसताच एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘साठीच्या आतल्या स्त्रिया वेगळ्या काढून बघा, काहीतरी निघेलच.’’ निघालेही, आणि पहिल्या दिवसापासून तेच शोधत होतो अशा थाटात ते छापूनही आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्या घ्या. २००० सालापूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. निकष आधी जाहीर करून नोंदवण्याची पद्धत आल्यानंतरच्या २५ पैकी केवळ दोन चाचण्यांत तो दिसला. या मधल्या काळात कोणाचा स्टिरर बदलला होता?

गाळणी :

चंचुपात्र यांच्या बाजूने बोलावे असे वाटत असतानाच त्यांनी जीवशास्त्रातले उदाहरण दिले, याचे वाईट वाटते. संश्लेषणाच्या रसायनशास्त्रात ही रडकथा बरीच कमी आहे. ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ हे प्रकाशन १९२१ पासून चालू आहे आणि त्यात येणारी प्रत्येक कृती संपादक मंडळावरील एखाद्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिल्यावाचून छापली जात नाही. इतरांना हे का जमू नये?

आता रसायनाच्या बाटलीविषयी. पीएचडीच्या काळात माझी एक अभिक्रिया उत्तम चालत होती आणि एके दिवशी ती अचानक बंद पडली. निर्वात वाहिनी तपासली, द्रावक पुन्हा ऊर्ध्वपातित केले, काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये वाळवले. गाइडचे एकच पालुपद होते, ‘‘तुझा हात अजून बसलेला नाही.’’ शेवटी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात त्या अभिक्रियेत लागणाऱ्या क्षाराची जुनी, तळाशी चमचाभर पूड उरलेली बाटली सापडली आणि त्या चमचाभरात अभिक्रिया पूर्ववत झाली. दोन्ही बाटल्यांवर शुद्धतेचा आकडा एकच होता, केवळ लॉट नंबर वेगळा होता. पुरवठादाराला पत्र लिहिले, तर ‘माल मानकांनुसार आहे’ एवढेच उत्तर आले.

यात नवल काही नाही. लेडबीटर यांच्या गटाने २००३ साली पॅलेडियम या धातूच्या उत्प्रेरकाशिवाय सुझुकी जोडणी (कार्बनचे दोन अणू जोडणारी अभिक्रिया) होते असे प्रसिद्ध केले होते आणि २००५ साली त्यांनीच दाखवून दिले की, बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये एक अब्ज भागांत ५० भाग इतके पॅलेडियम असले तरी काम भागते. क्रोमियम क्लोराइडच्या काही बाटल्यांनी जोडणी होई आणि काहींनी होत नसे, त्यामागे निकेलचा अंश आहे हे १९८६ साली उघड झाले. रसायनांच्या वेष्टनावर लेशधातूंचे, म्हणजे अत्यल्प अंशातील धातूंचे, विश्लेषण छापण्याची सक्ती होत नाही तोवर या चर्चांना काही अर्थ नाही, हे मी पूर्वीही लिहिले होते आणि आताही लिहिते.

पेट्री :

गाळणीताई, आपली बाटली आपल्याशी भांडत नाही. आमच्याकडे उंदीर असतात. पुरुष प्रयोगकर्ता खोलीत आला, इतकेच काय, त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि वेदनेला त्यांचा प्रतिसाद मंदावतो, हे २०१४ साली दाखवले गेले आहे. निबंधाच्या कार्यपद्धतीत ‘पिंजरा कोणी उचलला’ असे कलम कोणत्या नियतकालिकात असते?

शून्य गृहीतक यांनाही एक विचारायचे आहे. एमडीए-एमबी-४३५ हा पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, स्तनाच्या कर्करोगाचा म्हणून जगभर वर्षानुवर्षे वापरला गेला आणि पुढे तो त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाचा निघाला. त्यावरचे कित्येक प्रयोग एका प्रयोगशाळेतून दुसरीत व्यवस्थित जमत असणार, कारण सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये तीच चुकीची पेशी होती. आपल्या न्यायाने ते सारे सत्य ठरते.

आणि रसायनशास्त्राच्या शुचितेविषयी इतका अभिमान असेल, तर रिटोनाविरचे काय झाले, तेही सांगून टाका.

गाळणी :

सांगते, लपवण्याजोगे त्यात काही नाही. एचआयव्हीवरचे हे औषध अ‍ॅबटने १९९६ साली बाजारात आणले. १९९८ च्या मध्यास कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. तपासात कळले की, तोवर कोणी न पाहिलेले दुसरे स्फटिकरूप तयार झाले आहे. रेणू तोच, रचना वेगळी आणि विद्राव्यता फारच कमी. त्यानंतर पहिले रूप पूर्वीच्या रीतीने मिळेनासे झाले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. दुसऱ्या रूपाचे सूक्ष्म कण (यांनाच बीज म्हणतात) जेथे पोहोचले, तेथे स्फटिकीकरण त्याच वाटेने जाऊ लागले. या प्रकाराला लुप्त होणारी बहुरूपे म्हणतात. परंतु यात कोणाचा निष्कर्ष खोटा ठरला?

शून्य गृहीतक :

क्षमा असावी, परंतु ‘कोणाच्या तरी कपड्यांवरून अदृश्य बीज आले आणि कारखाना बाधला’ हे स्पष्टीकरण एखाद्या मांत्रिकाने दिले असते, तर याच मंडळींनी त्याची खिल्ली उडवली असती. जे तपासताच येत नाही, ते कारण म्हणून पुढे करणे यालाच मी पळवाट म्हणतो.

गोळीवाला :

एरवी मी केवळ वाचतो, परंतु औषधांचे स्फटिकीकरण हेच माझे रोजचे काम असल्याने येथे गप्प बसणे अशक्य आहे. शून्य गृहीतक, ज्याची माहिती नाही त्याला मांत्रिक म्हणण्याची आपली घाई आकडेशास्त्रज्ञाला शोभत नाही. बीज टाकणे ही आमच्याकडची रोजची, मोजून केली जाणारी क्रिया आहे. योग्य तापमानाला अतिसंपृक्त द्रावणात हव्या त्या रूपाची चिमूटभर पूड टाकली की, तेच रूप खाली बसते. न टाकल्यास काय बसेल याची शाश्वती नसते. नको असलेल्या रूपाचे कण भांड्यात आधीच असतील, तर तेही हेच काम करतात. रिटोनाविरच्या दुसऱ्या रूपात रेणूतील कार्बामेट या अणुगटाची ठेवण सहजी न होणारी असते, म्हणून ते इतकी वर्षे दिसले नव्हते. परंतु एकदा झालेले रूप अधिक स्थिर असल्याने तेच पुढे पसरले. आणि लुप्त झालेले रूप कायमचे जात नाही. नेमकी परिस्थिती जुळवली की ते पुन्हा मिळते. रिटोनाविरचे पहिले रूपही काटेकोर नियंत्रणाखाली पुन्हा करता आले. याला तपासणे म्हणत नसतील, तर कशाला म्हणतात?

एका उत्पादनाच्या वेळी आमच्याकडे असेच झाले होते. व्यवस्थापनाने आधी पाळीवरच्या कामगाराला जबाबदार धरून त्याची बदली केली आणि स्फटिकरूप ओळखून देणारा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख मागाहून काढला. आलेखात नवा उंचवटा स्पष्ट दिसत होता. बदली मात्र तशीच राहिली. ‘जमले नाही म्हणजे तुझीच लबाडी’ या न्यायाचा आमच्याकडचा निकाल हा असा आहे.

शून्य गृहीतक :

मांत्रिक हा शब्द मागे घेतो. आपण जे सांगितले, त्यात आलेख आहे, नियंत्रण आहे आणि पुन्हा करून दाखवणेही आहे. म्हणजे आपण माझ्याच बाजूने बोलत आहात, फक्त रागाने. माझा आक्षेप ‘तपशील सूक्ष्म असतात’ एवढे म्हणून हात झटकणाऱ्यांवर आहे. शिवाय स्फटिकांच्या या सफरीत माझ्या प्रश्नाला सर्वांनी सोयीस्करपणे बगल दिली. परिणाम एकाच दिशेने का आटतात?

रिकामे चंचुपात्र :

बगल दिलेली नाही, मध्ये बोलायला जागा मिळाली नाही. परिणाम आटायला कोणी लबाडी करावीच लागत नाही. नमुना लहान असला की, खरा परिणाम माफक असूनही योगायोगाने फुगलेला आकडाच सार्थकतेची, म्हणजे ‘हा निव्वळ योगायोग नव्हे’ असे म्हणण्यासाठी ठरवलेली, सीमा ओलांडतो. नियतकालिके तोच छापतात आणि सीमेच्या अलीकडे राहिलेले दहा जण आपापल्या प्रयोगवह्या मिटून ठेवतात. पुढे कोणी मोठा नमुना घेऊन तोच प्रयोग केला, तर आकडा खाली येणारच. योआनिडिस यांनी २००८ सालच्या निबंधात हेच गणित मांडले होते, आणि आपण आकडेवारीतले असल्याने ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. म्हणजे दोष निवडीच्या चाळणीचा आहे, आणि आपण शिक्षा मागत आहात ती चाळणीतून खाली पडलेल्या माणसासाठी.

पेट्री :

त्या मिटलेल्या वह्यांपैकी एक माझी आहे. एका प्रतिष्ठित निबंधातील प्रथिनाची पातळी आमच्याकडे वाढत नव्हती. प्रतिपिंड बदलून, पेशी बदलून, शेवटी मूळ गटाकडूनच पेशी मागवून पाहिले. नकारात्मक निष्कर्ष लिहून पाठवला, तर संपादकांनी समीक्षकांपर्यंतही जाऊ न देता ‘नावीन्य नाही’ म्हणून तो परत केला. चूक दाखवण्यात नावीन्य नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

शून्य गृहीतक :

हे वाचून अनुदान वसुलीची मागणी मागे घेतो, कारण चाळणीच सदोष असेल तर वसुली नेमक्या चुकीच्या माणसांकडून होईल. चंचुपात्र यांनी याचा विजयोत्सव करू नये. मूळ नोंदी उघड्या करण्याची सक्ती मात्र हवीच. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०१९ सालचा स्वतःचा निबंध २०२० च्या जानेवारीत मागे घेतला, तेव्हा काम पुन्हा जमत नाही हे तर सांगितलेच, शिवाय प्रयोगवहीत त्या त्या वेळच्या नोंदी आणि मूळ विदा (डेटा) सापडत नाही हेही सांगितले. वही नसेल, तर ढवळण्याची रीत, लॉट नंबर, बीज आणि टी-शर्ट यांपैकी कशाचाही शोध लागणार नाही.

गाळणी :

लॉट नंबर शेवटी एकदाचा कोणीतरी उच्चारला, आभारी आहे.

रिकामे चंचुपात्र :

अर्नोल्ड यांना २०१८ चे नोबेल पदरी असताना निबंध मागे घेणे शक्य होते. पहिल्या निबंधावर पुढची नोकरी टांगलेल्या विद्यार्थ्याकडून तीच अपेक्षा करणे सोपे नाही. तरीही वहीचा मुद्दा मान्य आहे. आता एवढेच सांगावे की, दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करण्याचा खर्च कोणी द्यायचा? आपल्या पुढच्या चाचणीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी काही रक्कम धरली आहे का?

शून्य गृहीतक :

धरली होती. मंजुरीच्या बैठकीत सर्वांत आधी तीच कापली गेली.