मदत हवी आहे: "नशेत होता" म्हणून खुनाच्या ३०२ चं सदोष मनुष्यवधाचं (खुनाहून कमी गुन्ह्याचं) ३०४ होतं का?

नमस्कार मंडळी, कोणी फौजदारी वकील असेल किंवा कोर्टातलं माहीत असेल तर प्लीज सांगा.

एप्रिल २०२४ मध्ये माझ्या मावसभावाचा खून झाला. शेतावर चौघं प्यायला बसलेले, आठशे रुपयांच्या उसन्यावरून बाचाबाची झाली, त्यातला एक उठून घरी गेला, गोठ्याच्या आढ्यात खोचलेला कोयता घेऊन परत आला आणि मानेवर वार केले. आता सेशन कोर्टात त्याचा वकील म्हणतोय की तो फुल टाइट होता, शुद्धच नव्हती, म्हणून ३०४ धरा. गावातले निम्मे लोकही मावशीच्या तोंडावर म्हणतात, पोरगं वाईट नाही हो, दारू वाईट. ती नुसती पदराचं टोक पिळत बसते, मला ते बघवत नाही.

मी जमेल तेवढं वाचलं. भारतीय दंड संहितेच्या कलम ८५ ची नशेची सवलत जबरदस्तीने किंवा नकळत पाजली असेल तरच आहे. स्वतःहून प्यायला तर ८६, म्हणजे शुद्धीतल्या माणसाला असते तेवढी जाण त्याला होती असं कोर्ट धरतं (नव्या न्याय संहितेत हीच २३ आणि २४, पण घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून आम्हाला जुनीच कलमं). घोळ हेतूवरून आहे, कारण ८६ मध्ये जाण धरलीये, हेतू नाही. १९५६ च्या बासदेव विरुद्ध पेप्सू (तेव्हाचं पंजाबकडचं एक राज्य) केसमध्ये लग्नघरी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जागेवरून सरकला नाही म्हणून प्यायलेल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या जमादाराने त्याच्या पोटात गोळी घातली, आणि सुप्रीम कोर्टाने तो खूनच धरला, कारण अडखळत असला तरी तो आपला आपण चालत होता, नीट बोलत होता. आमचा आरोपी तर अंधारात बांधावरून घरी जाऊन परत आलाय, त्याला शुद्ध नव्हती कसं म्हणायचं?

अडचण अशी की तो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, रक्त तेव्हा घेतलं, तोवर दारू उतरलेली, रिपोर्ट निल. आता सगळं त्या उरलेल्या दोघांच्या साक्षीवर, आणि तेही प्यायलेलेच होते.

मग नशा किती होती हे सिद्ध कोणी करायचं, त्याने की सरकारी वकिलाने? कोयता आणायला तो घरी गेला हा मुद्दा नीट मांडला जावा म्हणून सरकारी वकिलाच्या जोडीला आमचा खासगी वकील देता येतो का, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात का? पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.