कुत्र्याचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय करायचं : अनुभव लिहा

गर्भाशय काढणं, पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं), पायात प्लेट, गुडघ्याचा लिगामेंट, गाठ काढणं. ऑपरेशन तासा-दोन तासांत उरकतं, पुढचे दहा-चौदा दिवस घरच्यांचे असतात. डिस्चार्जच्या कागदावर 'रेस्ट, कॉलर, १२ दिवसांनी टाके' एवढंच लिहिलेलं असतं. ते घरात प्रत्यक्ष कसं निभवायचं हे इथे लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको. किती, कधी, कशाने आणि चुकलं तर काय होतं, ते हवं. औषध आणि डोस मात्र आपल्या डॉक्टरांनी दिलेलाच.

*

पहिल्या रात्रीबद्दल लिहिते. भूल पूर्ण उतरायला १२ ते २४ तास लागू शकतात. तोवर झोकांड्या जातात, कुत्रं कण्हतं, थरथरतं. अंथरूण जमिनीवरच घाला, सोफा-पलंग बंद, जिन्याच्या तोंडाशी आडोसा. भुलेत अंग गार पडतं, म्हणून चादर घाला आणि पंख्याचा झोत टाळा. गरम पाण्याची पिशवी नको, कारण गुंगीत चटका बसला तरी ते बाजूला सरकत नाही.

नीट शुद्धीवर आल्यावर दोन-चार घोट पाणी. अर्ध्या तासात उलटी झाली नाही तर आणखी थोडं. मग नेहमीच्या पाव ते अर्धं जेवण: मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन. कांदा-लसूण अजिबात नाही. एक-दोन दिवस कोरडा ठसका लागतो, तो घशातून घातलेल्या नळीचा. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी घाबरू नका, शू मात्र २४ तासांत व्हायलाच हवी.

त्या रात्री दर दोन-तीन तासांनी ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठिपका उमटतो. तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरडीच पांढुरकी दिसली, पोट फुगत चाललं, कुत्रं हाक मारूनही मान उचलत नसलं, तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघू नका. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. नेहमीचा रंग कसा असतो हे ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवलेलं बरं.

*

कॉलर, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो शंकूसारखा घेर. कुत्र्याच्या नाकाच्या पुढे दोन इंच तरी यायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं सरकायला हवीत. आखूड कॉलर असली की मान वळवून टाक्यापर्यंत जीभ पोचते. चाटून जखम भरते हा समज सोडा. जीभ खरखरीत आणि तोंडात जंतू भरपूर. दहा मिनिटांत टाका उसवतो. रात्री 'झोपलाय, काढूया' म्हणून कॉलर काढली जाते आणि नेमके तेव्हाच टाके जातात.

जेवताना काढायची तर समोर बसून राहा. नाहीतर भांडं कॉलरच्या घेरापेक्षा लहान घ्या आणि पाटावर ठेवा, म्हणजे कडा जमिनीला अडत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत गळ्याखाली ओल राहून पुरळ येतं. रोज कोरड्या कपड्याने पुसा.

*

वरच्याला जोड: पोटाचे टाके असतील तर जुना सुती टीशर्ट चालतो. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, खालचा घेर पाठीवर गोळा करून रबरबँडने बांधायचा. शूला नेताना सोडायचा, ओला झाला की बदलायचा. कापडावरूनच चावणारं कुत्रं असेल तर कॉलरला पर्याय नाही.

*

टाक्यांकडे रोज दोनदा बघा आणि सकाळी एक फोटो काढा, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. बदल डोळ्यांपेक्षा फोटोंत लवकर कळतो. पहिले दोन-तीन दिवस कडा थोड्या लाल, सुजऱ्या आणि आजूबाजूला निळसर डाग, एवढं ठीक. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लाली वाढता कामा नये. पू, वास, कडांमध्ये फट किंवा गरम लागणारी सूज दिसली की डॉक्टर. टाक्यांखाली मऊ, न दुखणारा फुगवटा आला तर बऱ्याचदा ते साठलेलं पाणी असतं, फार उड्या मारल्यामुळे. दाबू नका, सुईने टोचू नका. पण तो हर्निया नाही ना, हे डॉक्टरांनी हात लावूनच ठरवायचं.

जखमेवर हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पावडर काहीही लावू नका. हळद हातून सर्वांत सहज लागते, पण तिचा थर बसला की खालचं काही दिसत नाही आणि कुत्रं ती चाटायला जातं. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही, निघाल्यावरही दोन दिवस थांबा.

*

पावसाळ्यात माशा. उघड्या किंवा ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि उबदार हवेत दिवसभरात अळ्या पडतात. कुजका वास, बारीक गोल भोक, कुत्रं सारखं तिथेच वळून बघतंय, ही चिन्हं. गॅलरीत बांधू नका. अंथरुणावर लहान मुलांची मच्छरदाणी घाला. फिनेलने पुसलेली फरशी वाळल्याशिवाय झोपवू नका.

*

औषधांचं एकदा स्पष्ट लिहितो. घरातली पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही मनाने देऊ नका. पोटात अल्सर होतात, किडनी किंवा लिव्हर जातं. मेलोक्झिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध कुत्र्यांना देतात, पण १० किलोच्या कुत्र्याला रोजचा डोस साधारण १ मिलिग्रॅम बसतो आणि माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. अर्धी गोळी म्हणजेसुद्धा कित्येक पट. म्हणून कुत्र्यांचं पातळ औषध घ्या आणि सोबतच्या सिरिंजनेच मोजा.

ते जेवणानंतरच द्यायचं. उलट्या, काळी डांबरासारखी शी, जेवण सोडणं यांतलं काही दिसलं की पुढचा डोस थांबवून फोन करा. खाजेसाठी आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगा, स्टेरॉइड आणि मेलोक्झिकॅम एकत्र चालत नाहीत. अँटिबायोटिकचा कोर्स जखम छान दिसली म्हणून मध्येच सोडायचा नाही.

दुखतंय म्हणून कुत्रं ओरडेलच असं नाही. बसल्या जागी धापा टाकणं, आडवं न होता ताटकळत उभं राहणं, पाठ कमानीसारखी करणं, नेहमीच्या माणसावर गुरगुरणं, हे सगळं दुखणंच. रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

*

पायोमेट्राच्या कुत्रीला साध्या नसबंदीच्या पंगतीत बसवू नका. तिच्या अंगात विष भिनलेलं असतं, किडनीवर ताण असतो. पाणी किती पितेय आणि शू किती वेळा होतेय हे वहीत लिहा. ताप सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून डिजिटल थर्मामीटरने, टोकाला व्हॅसलीन लावून. १०२.५ फॅरनहाइटपर्यंत ठीक, १०३च्या वर गेला तर फोन.

*

पायाचं ऑपरेशन. सर्वांत मोठा शत्रू व्हिट्रिफाइड टाइल. ऑपरेशनच्या आधीच अंथरुणापासून दारापर्यंत योगा मॅट किंवा रबरी पायपुसणी टाका, तळव्यांमधले केस कापून घ्या. कुत्रं एकदा घसरलं तर प्लेटचे स्क्रू सैल होऊ शकतात.

पहिले तीन दिवस बर्फ: कापडात गुंडाळून १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पहिले दोन आठवडे फक्त शी-शूपुरतं बाहेर, आखूड पट्ट्यावर, पाचेक मिनिटं. शूला नेताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा. त्याला उचलायचं नाही, घसरला तर सावरायचं. (पोटाला टाके असतील तर हा टॉवेल नाही.) चालणं दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवायचं, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. हाड भरायला आठ ते बारा आठवडे लागतात, एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत उडी नाही, पळणं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते चारी पायांवर बागडायला बघेल आणि घरचेही पट्टा सैल सोडतील. प्लेटा वाकतात त्या याच काळात.

बसून राहिल्याने वजन वाढतं. जेवण साधारण पाव भागाने कमी करा, ट्रीटही त्यातच धरा.

*

बँडेज असेल तर मधली दोन बोटं उघडी ठेवलेली असतात, ती दिवसातून दोनदा चाचपा. सुजून फाकली, गार पडली किंवा वास आला तर त्याच दिवशी सोडवून घ्या. आवळलेल्या बँडेजने पंजा सडतो. पावसात बाहेर नेताना सलाइनची रिकामी पिशवी कापून पंजावर चढवा, घरात आलं की लगेच काढा. आत ओल गेलीच तर पंख्याखाली वाळवत बसू नका, बदलूनच घ्या.

*

एक राहिलं. ऑपरेशन तातडीचं नसेल तर दिवाळीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. फटाक्याला दचकून कुत्रं पलंगाखाली घुसतं, तिथे कॉलर अडकते आणि ताज्या टाक्यांना हिसका बसतो. टाके काढायला नेताना ऑपरेशनची बाजू वर ठेवून गाडीच्या मागच्या सीटवर झोपवा आणि एकाने शेजारी बसा. उतरताना त्याला उडी मारू देऊ नका. एक हात छातीपुढून, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, असं उचलून खाली ठेवा. बगलेत हात घालून नाही.