चौथा अक्ष: आधी फीड तपासा
सीएनसी मशीनच्या चौथ्या अक्षावर (जॉब, म्हणजे कोरायचा तुकडा, गोल फिरवणारा ए अक्ष) गोल जॉबवर नक्षी कोरताना टूल मध्येच रेंगाळतं, फिनिश बिघडतं, अशी तक्रार एकाने केलीय. माझ्या मते दोष टूलचा नाही, फीडचा, म्हणजे कापताना पुढे सरकण्याच्या वेगाचा आहे. एकटा ए अक्ष फिरत असेल तर बहुतेक कंट्रोलर एफचा (कोडमधला फीडचा) आकडा अंश प्रति मिनिट असा धरतात. ५० मिमी व्यासावर १ अंश म्हणजे साधारण ०.४४ मिमी, १० मिमीवर जेमतेम ०.०९! एफ३०० दिलात तर एकीकडे मिनिटाला १३१ मिमी आणि दुसरीकडे फक्त २६. टूल घासणारच. पोस्ट प्रोसेसरमध्ये (टूलच्या मार्गावरून मशीनचा कोड बनवणारा प्रोग्राम) जी९३, म्हणजे इन्व्हर्स टाइम फीड (वेगाऐवजी ती हालचाल किती वेळात संपवायची ते सांगणारी पद्धत), चालू करा; त्यात कटिंगच्या प्रत्येक ओळीत एफ हवाच. नंतर जी९४ वर, म्हणजे नेहमीच्या प्रति मिनिट फीडवर, परत या. आणि हो, नुसतं इंडेक्सिंग (जॉब ठरावीक कोनात फिरवून थांबवणं) करणार असाल तर कट घेण्याआधी अक्षाचा ब्रेक लावाच, नाहीतर बॅकलॅशमुळे, म्हणजे गिअरमधल्या ढिलाईमुळे, जॉब थरथरतो.