एकदा मिळालेलं तारण (ख्रिस्तामुळे पापातून सुटका) जाऊ शकतं का? (आईसाठी विचारतेय)

पिंपरीची_ताई

जय ख्रिस्त. वाद घालायला आलेली नाही. धाकट्या भावाने सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तरुण संघात गिटार वाजवायचा, आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त वचनं त्याला पाठ. नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि गेल्या ईस्टरला फोनवर सरळ म्हणाला, "आई, माझा आता विश्वास नाही." भांडण नाही, व्यसन नाही, कुणी फूस लावली असंही नाही.

आई ज्या घरसभेला जाते तिथल्या बंधूंनी इब्री 6:4-6 उघडून सांगितलं, त्याचं तारण गेलं, आता तो परत फिरणं अशक्य. आमचे पाळक म्हणतात, गेलं कसलं, मुळात झालंच नव्हतं. 1 योहान 2:19, आपल्यातून निघून गेले ते आपले नव्हतेच. आईचं म्हणणं, काहीही म्हणा, पोरगा गेला तो गेलाच. तिने त्याच्यासाठी प्रार्थना करणं सोडलंय. दोघांत बरोबर कोण?

विश्वासी_सोलापूर

ताई, योहान 10:28-29 वाचा. येशूच्या हातातून त्याच्या माणसांना कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. बाप्तिस्मा झालाय ना? मग निश्चिंत राहा. आता त्याने काहीही केलं तरी फरक पडत नाही.

नगरचे_गुरुजी

सोलापूरकर, फरक पडतो. तुम्ही सांगता ते कॅल्विनच्या गोटातही, म्हणजे खरं तारण जात नाही म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांतही, कुणी मान्य करणार नाही. त्यांच्याच डॉर्टच्या धर्मसभेने (1618-19) म्हटलं ते असं, की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत टिकवतो, आणि टिकवतो ते विश्वासात. सभेत हात वर केला, कार्ड भरलं, आता मोकळे, हे त्यात कुठेच नाही.

ताई, मी शाळेतून निवृत्त झालो, रविवारी दृढीकरणाचा वर्ग घेतो. हा प्रश्न पोरं दरवर्षी विचारतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

घरसभेच्या बंधूंचं मत, तारण गमावता येतं हे, आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. पण त्याने स्वतः 1608 मध्ये सांगितलं होतं, की खरा विश्वासणारा पूर्णपणे पतन पावतो असं मी कधी शिकवलेलं नाही. मात्र काही वचनं तशी दिसतात. पुढच्या वर्षी तो वारला. त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली, त्यातही हा मुद्दा उघडाच ठेवला: शास्त्र अजून तपासायला हवं. "होय, गमावता येतं" हे ठामपणे आलं ते नंतर. आपल्या बंधूंना मात्र एका संध्याकाळच्या सभेत उलगडा झाला!

तुमच्या पाळकांनीही घाई केली. 1646 चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा अंगीकार (कॅल्विनच्या गोटातलं मतपत्र) त्यांच्याच बाजूचा. त्याच्या सतराव्या अध्यायात म्हटलंय, की देवाचे लोकही घोर पापात पडू शकतात आणि काही काळ त्यात राहूही शकतात. मग चालत्या-बोलत्या पोराबद्दल "झालंच नव्हतं" हे आजच कसं ठरवलं? पेत्राने येशूला तीनदा नाकारलं त्या रात्री यांनी काय निकाल दिला असता?

माझं मत विचाराल तर तारण गमावता येतं. इब्री लोकांस पत्रातले इशारे नुसते भीती घालायला लिहिले असतील असं मला वाटत नाही. पण ते पत्र डळमळणाऱ्यांना सावरायला लिहिलंय, आणि त्याच अध्यायाच्या नवव्या ओवीत लेखक म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याबद्दल आम्हांला याहून चांगल्याची खात्री आहे. ती ओवी घरसभेत वाचली का?

मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणारा वेस्ली तर गमावता येतं याच मताचा. या वादात त्याचा सोबती प्रचारक व्हाइटफील्ड (कॅल्विनच्या बाजूचा) याच्याशी त्याचं चांगलंच फाटलं होतं. (तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर स्मृतिप्रवचन वेस्लीनेच केलं.) त्याच वेस्लीने 1778 मधल्या एका प्रवचनात विचारलंय, खरोखर विश्वास सोडून गेलेल्यांना कधी दया मिळाली आहे का? आणि उत्तर दिलंय, एक-दोघांना नव्हे, हजारोंना. आईंना एवढं तरी वाचून दाखवाच.

आमची मंडळी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). 1970 ला नागपुरात प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, ब्रिटिश मेथॉडिस्ट सगळे एकत्र आले, त्यामुळे ही दोन्ही मतं आमच्याकडे एकाच बाकावर बसतात. आणि हरवलेल्यांसाठी प्रार्थना दोघंही करतात. ती थांबवा असं सांगणारा कुठल्या बाजूचा, ते मला कळलेलं नाही.

वसईवाला

आम्ही कॅथलिक, म्हणून जरा बिचकतच लिहितो. ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये स्पष्ट केलं, की महापापाने कृपा जाते आणि कन्फेशनने, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करून, परत मिळते. त्यामुळे आमच्याकडे आया "गेलं का?" म्हणून रडत नाहीत, "फादरांकडे जा" म्हणून मागे लागतात. पोरगा जातो की नाही, तो भाग वेगळा.

पिंपरीची_ताई

गुरुजी, नववी ओवी वाचलीच नव्हती त्यांनी. आईला दाखवली, तर तिने स्वतःच्या बायबलमध्ये पेनने खूण केली. अजून एक. भाऊ नाताळला घरी येतोय. आई त्याला प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकरी नि द्राक्षरस घ्यायला) उभं करणार म्हणतेय. करू द्यावं का?

नगरचे_गुरुजी

नाही. त्याने तुमच्याशी खरं बोलायची हिंमत केली, त्याला भाकरीपुढे खोटं वागायला लावू नका. तो बाकावर बसून राहिला तर राहू द्या. उपासनेला यायचं की नाही तेही त्यालाच ठरवू द्या. आणि त्या घरसभेच्या बंधूंना त्या आठवड्यात चहाला बोलावू नका.