मदत हवी आहे: राजहंसगडावर नववीच्या मुलांची सफाई, परवानगी कुणाची?

नमस्कार मंडळी. आमच्या हायस्कूलची नववीची पंचवीसेक पोरं डिसेंबरमधल्या एका रविवारी बेळगाव तालुक्यातल्या येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर सफाई करणार आहेत. दहावीला मुद्दाम घेतलेलं नाही. मार्चच्या एसएसएलसी बोर्ड परीक्षेपुढे त्यांच्या घरचे ऐकणार नाहीत.

काम साधंच. तटालगतच्या गवतात अडकलेल्या पाण्याच्या बाटल्या, कुरकुरेची पाकिटं, सिद्धेश्वर मंदिराच्या वाटेवरचे द्रोण-पत्रावळी वेचून पोत्यात भरायच्या. तटावर चढायचं नाही, झुडपं तोडायची नाहीत. मग दुपारी खाली उतरून शेकोटी, त्यात भाजलेली रताळी आणि चटणी-भाकरी. (खरं सांगायचं तर निम्मी पोरं रताळ्यांसाठीच येणार, आणि माझी त्याला हरकत नाही.) शेकोटी गडावर नकोच, वाळलं गवत आहे. पायथ्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने कापणी झालेलं रान द्यायचं कबूल केलंय.

हातमोजे, पोती, पालकांची संमतीपत्रं तयार आहेत. सोबत दोन शिक्षक, दोन पालक. वडगाव-येळ्ळूरमार्गे टेंपो ठरवलाय. अडलंय ते परवानगीपाशी. एका कार्यालयात विचारलं तर दुसरीकडे पाठवलं, तिथे म्हणाले पंचायतीत विचारा. मुख्याध्यापकांना लेखी कागद हवा, तोंडी चालणार नाही.

अलीकडे तिथे अशी मोहीम कुणी केली असेल तर सांगा: अर्ज नेमका कुणाच्या नावे केलात, तो कन्नडमध्येच द्यावा लागला का, आणि भरलेली पोती गडावरून उचलायला पंचायतीची गाडी येते की आपणच खाली आणायची?